बनाचा राघू आणि शुकानंदबुवांचा अंगारा

पणदऱ्याच्या शिवारात, कालव्याच्या अंगाला, कुंडलिकाचा मळा. एरवी तिकडं कोण फिरकतंय? वांग्या-मिरच्यांचे वाफे, एक विहीर, दोन बैल आणि जांभळाच्या सावलीतलं चार खणांचं घर. पण एकोणीसशे चौतीस सालच्या नवरात्रापासून तिथं अशी झुंबड उडाली की बांधावर गवताची काडी उरली नाही. बारामतीचे लोक टांगे करून येत, डाळजेकडचे गाड्या जुंपून येत, आणि सगळे मिळून कुंडलिकाच्या उभ्या मिरच्या तुडवीत पुढं सरकत. एवढं काय होतं तिथं? तर एक पोपट. आणि तोही उघडा!

उघडा म्हणजे डोकं तेवढं शाबूत. चोच लाल, गळ्याला कंठी, टाळूवर हिरवीगार पिसं. मानेच्या खाली मात्र सगळा उजेड. छाती बोडकी, पोट बोडकं, पंखांच्या नुसत्या काड्या. आंघोळीला उघडं करून ठेवलेलं पोर कुडकुडतं तसा तो बिचारा दांडीवर बसून कुडकुडत असे, आणि लोक त्याला हात जोडीत.

पिंजऱ्यापुढं हरणाच्या कातड्यावर शुकानंदबुवा बसत. कुठून आले, कुणाचे कोण, काही पत्ता नाही. घटस्थापनेच्या दिवशी भिक्षेला म्हणून दारात उभे राहिले, पोपट बघितला आणि जे मांडी घालून बसले ते बसलेच. गोरेपान, पोट सुटलेलं, अंगभर भस्म, हातात मोरपिसांचा कुंचा आणि खांद्याला दोन झोळ्या, एक भगवी आणि एक काळी. भगवीतला अंगारा लोकांना. काळीतला फक्त राघूला.

"बोला भक्तहो!" बुवा गरजत. "राघू कुणाचा?"

"शुकमुनीचा!"

"पीस कसलं?"

"पीडेचं!"

"उपटतो कोण?"

"राघू उपटतो!"

"सुटतो कोण?"

"आमी सुटतो!"

"अहाहा! या चिमूटभर देहात साक्षात शुकमुनी येऊन बसले आहेत. मुनी म्हणाले, कथा सांगून सांगून घसा बसला, कलियुगात ऐकतो कोण? आता बोलणं पुरे. आता जगाची पीडा अंगावर घेईन आणि पिसागणिक उपटून फेकीन! बघा, छातीला चोच लावतात, पंखाला लावतात, पण डोक्याचं एक तरी पीस उपटलं का? नाही उपटलं. का नाही उपटलं? कारण डोक्यात ब्रह्म आहे!"

लोक माना डोलवीत. आपल्या चोचीनं आपलंच टाळकं टोचता येईल असा पोपट आजवर जन्माला आलेला नाही, हे एवढ्या गर्दीत एकाच्याही ध्यानात येऊ नये! पण भक्तीच्या भरात माणूस डोळे मिटूनच बघतो, त्याला काय करणार?

एके दिवशी रांगेत पहिली होती शेजारच्या मळ्यातली ठमाबाई. कालव्याचं पाणी आल्यापासून त्या भागात हिवतापानं ठाण मांडलं होतं, आणि ठमाबाईला तो धरला होता. घरात तापावरच्या कोयनेलच्या पुड्या होत्या, पण त्या कडू. पीस कडू नसतं.

बुवांनी कुंच्याचं टोक काळ्या झोळीत बुडवलं, डोळे फिरवले, "शुक शुक स्वाहा" असं काहीतरी पुटपुटले आणि कुंचा राघूच्या छातीवर झटकला. लोकांनी श्वास धरला. राघू क्षणभर नुसता बसला. मग अंग चोरलं, मग एका पायावर नाचला, मग मान वाकडी करून छातीत चोच खुपसली आणि टचकन एक पीस ओढून काढलं!

"शुकानंदमहाराज की जय!" कालव्यातल्या बगळ्यांचा थवा उडाला.

"गेला ताप!" बुवांनी पीस ठमाबाईच्या पदरात टाकलं. "दंडाला बांध. उद्या ताप आला तर माझं नाव बदल."

दुसऱ्या दिवशी ताप आला नाही. ठमाबाई गावभर सांगत सुटली. एकाआड एक दिवस येणाराच तो ताप, तिसऱ्या दिवशी हजर झाला. पण ते सांगायला ठमाबाई काही बाहेर पडली नाही. घोंगडीखाली हुडहुडत पडली होती.

हे सगळं सरूबाई, कुंडलिकाची बायको, रोज खांबाला टेकून बघत असे. लोक तिला भाग्यवान म्हणत. तिचं लक्ष जयजयकाराकडं नसे. ती आपली राघूच्या अंगावर किती पिसं राहिली ते मोजत असे.

त्याचं असं होतं. राघू होता बनाचा. बना म्हणजे सरूबाईची एकुलती एक लेक. जांभळाच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू तिनं कापसात ठेवून वाढवलं, पेरूच्या फोडी भरवल्या, बोलायला शिकवलं. दिवसभर दोघांचं गुलुगुलु चाले. वैशाखात बनाचं लग्न झालं, इंदापुरात दिली, आणि आषाढ लागताच राघूनं स्वतःची पिसं उपटायला सुरुवात केली. सरूबाई आधीच हवालदिल. त्यात बुवा आले आणि पिंजऱ्यापुढं डोळे मिटून म्हणाले, "माई, तुझ्या लेकीच्या कुंकवावर घाला आहे. हा पक्षी तो आपल्या अंगावर घेतो आहे. शेवटचं पीस गळेपर्यंत लेकीनं हा उंबरा ओलांडता कामा नये. ओलांडला, तर जावयाचं काही खरं नाही!"

आईच्या काळजाला हात घालायला एवढं पुरे.

आली पहिली दिवाळी. लेक-जावई दिवाळसणाला यायचे, आणि सरूबाईनं काळजावर दगड ठेवून इंदापूरला सांगावा धाडला की औंदा येऊ नका. कारण काय, ते सांगायचं नाही अशी बुवांची ताकीद. सांगावा घेऊन गेलेला कुंडलिकाचा भाऊ रामहरी परत आला तो तोंड पाडूनच.

"सावळारामव्याही लई तापलं," तो म्हणाला. "म्हणालं, लेक नगं असंल तर तसं सांगा. वसुबारसेपातूर बोलावणं आलं तर ठीक, न्हायतर आमच्या सुनंला माहेरच न्हाय असं आमी समजू."

"आन बना?" सरूबाईनं विचारलं. "बना काय म्हणली?"

रामहरीनं पागोटं उगाचच सारखं केलं. "ती म्हणली, आयला इचारा, माझं काय चुकलं?"

त्या रात्री सरूबाई ताट तसंच ठेवून उठली. कुंडलिक म्हणाला, "बनाची आई, सोड त्या बुवाचा नाद. पोरीला आण."

"आन जावयाला काय झालं म्हंजी? तुमी भरून देणार हाय?"

कुंडलिक माणूस मवाळ. मिरच्यांची गेलेली रोपं बघत बसला. आणि गंमत अशी की राघूची पिसं काही संपेनात. एक उपटलं की त्याच जागी कोंब फुटे. म्हणजे शेवटचं पीस जन्मात गळायचं नाही आणि बुवांचं शिऱ्या-पुरीचं ताट जन्मात उठायचं नाही!

वसुबारसेला नऊ दिवस राहिले तेव्हा म्हस्कू धनगर मेंढरं घेऊन आला. हे दर सालचं. बाजरी निघाली की म्हस्कूचा कळप चार रात्री कुंडलिकाच्या मोकळ्या रानात बसायचा. लेंड्यांचं खत रानाला, आणि पायलीभर बाजरी म्हस्कूला. दिवाळी झाली की तो बिऱ्हाड घोड्यावर टाकून घाट उतरायचा, कोकणात जायचा, आणि पावसाच्या तोंडाला परत. त्याची बायको सारजा. अंगानं काटक, जिभेनं तिखट. सरूबाईशी तिचं जुनं सख्य.

ताक मागायला म्हणून सारजा घराकडं आली तर अंगणात ही जत्रा. तीही पदर डोक्यावर घेऊन राघूच्या पिंजऱ्याच्या खालच्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडी, उभी राहिली. बुवांनी कुंचा झटकला. राघू नाचला, पीस निघालं, जयजयकार झाला. आणि सारजाच्या मनगटाला एकदम आग लागली. अशी खाज, अशी खाज की कातडं सोलून टाकावंसं वाटावं. लोक हात जोडून उभे होते आणि सारजा मनगट खाजवीत टक लावून बुवांच्या हाताकडं बघत होती.

गर्दी पांगल्यावर तिनं सरूबाईला विहिरीवर गाठलं.

"आक्का, तुझा बुवा भगव्या झोळीत पाच बोटं घालतो. काळीत का गं एक बोटबी घालीत न्हाय?"

"द्येवाचा अंगारा हाय त्यो. मानसाचं बोट लागलं तर इटाळ हुतो."

"इटाळ!" सारजा हसली. "ह्यो बघ माझा हात."

मनगटावर लाल गांध्या उठल्या होत्या, आणि त्यावर सारजानं शेण फासलं होतं.

"ह्या खाजंला मी वळखते. घाट उतरला की जंगलात एक येल असतो. चिचंवाणी शेंगा, आन त्यावर बारीक सोनेरी लव. खाजकुइरी म्हणत्यात. मेंढरू त्याला घासून गेलं की झालं, सवताची लोकर दातानं उपटतंय, येड्यागत गोल फिरतंय. दर साली दोन-चार मेंढरं आसं करत्यात. तुझा राघू आज त्येच करत हुता."

"जीभ झडंल तुझी, सारजे! आमी हितं जल्म काढला, आमाला ठावं न्हाय ते तुला ठावं?"

"व्हय. कारण ती हितं उगवतच न्हाय. तुमी कदी घाट उतरलाय का?"

सरूबाई घागर उचलून तरातरा निघाली. सारजा मागून ओरडली, "माझ्यावर इस्वास ठिवू नगं! सवता बघ! बुवाच्या झोळीत चुलीतली राख भर आन बघ राघू उपटतोय का!"

सरूबाईनं मागं वळून बघितलं नाही. पण संध्याकाळी पिंजऱ्याखाली दृष्ट काढताना, म्हणजे बुवांच्या हुकुमाप्रमाणं निखाऱ्यावर मीठ-मिरच्या जाळताना, धुरानं राघू खोकला. हो, पोपट खोकतो. माणसासारखा खोकतो. बनाला सर्दी झाली की ती जशी खोकायची, अगदी तसा. सरूबाईच्या हातातली मिरची तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा पोटभर जेवून, डुलकी काढून, कालव्यावर आंघोळीला गेले. झोळ्या खुंटीवर. पाटावर त्यांचं भस्माचं तबक तयार, कारण आंघोळीहून आले की ते अंगभर भस्म फासूनच आसनावर बसत. सरूबाईनं इकडंतिकडं बघितलं.  तिनं काळी झोळी उतरवली, आतला अंगारा पळीनं एका द्रोणात काढला आणि झोळीत चुलीतली चाळलेली राख भरली.

झालं. पण आता द्रोणातल्या अंगाऱ्याचं काय करायचं? आता आली का पंचाईत! देवाचा अंगारा. उकिरड्यावर टाकवत नाही. जमिनीवर टाकला तर पायदळी येईल. तुळशीत टाकावा तर तिथं पोरं खेळतात. चुलीत टाकावा तर अन्न शिजायचं. तेवढ्यात बाहेर बुवांचं खाकरणं ऐकू आलं. सरूबाईची गाळण उडाली. आणि तिला वाटलं, देवाचा अंगारा देवमाणसाच्याच अंगाला लागला तर त्यात कसलं आलंय पाप? तिनं द्रोण भस्माच्या तबकात पालथा केला, वरून हलकेच पळी फिरवली आणि माजघरात पळाली.

हे तिनं भोळेपणानं केलं की आणखी कशानं, ते तिला पुढं जन्मभर नीट सांगता आलं नाही. आपणही विचारू नये.

उन्हं कललीच होती. अंगण भरलं. ठमाबाई दंडाला पीस बांधून, घोंगडी पांघरून, पुन्हा पहिल्या रांगेत. म्हस्कू काठीवर हनुवटी टेकून मागं, आणि सारजा त्याच्या शेजारी. बुवा ओलेत्या अंगानं आले, तबक पुढं ओढलं आणि सढळ हातानं सुरू झाले. छातीला, पोटाला, दंडांना, काखेत, मानेवर. सरूबाई खांबाआडून बघत होती.

"बोला भक्तहो! राघू कुणाचा?"

"शुकमुनीचा!"

बुवांनी काळ्या झोळीत कुंचा बुडवला, पुटपुटले, झटकला. लोकांनी श्वास धरला. राघूनं एक डोळा मिटला. दुसरा मिटला. मग अंग फुलवायचा प्रयत्न केला, फुलवायला काही नाही म्हणून सोडून दिला, आणि बाजूची पेरूची फोड खाऊ लागला.

"मुनी समाधीत आहेत," बुवा म्हणाले आणि पुन्हा कुंचा झटकला. तिसऱ्यांदा झटकला. राघूनं पेरूची बी थुंकली.

सरूबाई खांबाआडून पुढं आली. अठरा दिवस रोज न चुकता उपटणारा राघू, आणि आज चुलीतल्या राखेला ढिम्म हलत नाही!

"बोला... पीस... पीस कसलं?" बुवांनी पोट खाजवलं.

"पीडेचं!"

"उपटतो... अगं आई... उपटतो कोण?" आता त्यांचा एक हात काखेत होता आणि दुसरा पाठीवर पोचायला धडपडत होता.

"बुवांच्या अंगात आलं!" ठमाबाई किंचाळली. "मुनी राघूतनं निघालं आन बुवात शिरलं!"

मग काय विचारता! कुणी नारळ फोडला, कुणी हळद उधळली, रामहरीनं डोळे पुसत ढोल घेतला. बुवा उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. खांबाला पाठ घासली. हरणाचं कातडं उचलून त्यानं पोट घासलं. जितके ते नाचले तितका ढोल जोरात वाजला. लोक म्हणत होते, असा संचार कधी बघितला नव्हता. शेवटी बुवा सपशेल अंगणात लोळले, त्यांचं शुद्ध मराठी घामाबरोबर वाहून गेलं आणि ते बोंबलले,

"शेन! आरं शेन आना कुनीतरी! मेलो, मेलो! गाईचं म्हशीचं कसलंबी, पर शेन आना!"

ढोल थांबला. लोकांना कळेना. देव अंगात आला की नारळ मागतो, लिंबू मागतो. शेण मागणारा देव कुणी ऐकला नव्हता.

सारजा गर्दीतून पुढं आली.

"बुवा, शेण मिळंल. पाटीभर मिळंल. पर एक सांगा. आग आग झाली तर मानूस पाणी मागतं. तुमाला शेणच का पायजे?"

"अगं बाई, पाण्यानं वाढती ही! खाजकुइरीला शेनच लागतं!"

बोलून गेले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

अंगणात अशी शांतता पसरली की राघूच्या चोचीतल्या पेरूचा कुरकुर आवाज ऐकू आला. कुंडलिक, तो मवाळ कुंडलिक, गोठ्यात गेला आणि पाटी घेऊन आला. "घ्या म्हाराज," तो म्हणाला, "परसाद." बुवांनी दोन्ही हातांनी शेण अंगाला थापलं. अठरा दिवस ज्या अंगाला लोकांनी डोकी टेकवली, त्या अंगावर आता शेणाचा लेप, आणि तोही बुवांनी स्वतः मागून घेतलेला.

सारजानं सगळं उलगडून सांगितलं. कोकणातला वेल, शेंगांची लव, ती राखेत मिसळलेली, म्हणून कुंचा, म्हणून काळी झोळी वेगळी. "ज्याला खरं वाटत न्हाय त्यानं ह्या तबकात करंगळी बुडवावी," ती म्हणाली. चार शहाण्यांनी बुडवली. चौघेही शेणाच्या पाटीकडं धावले.

"मारा त्याला!" कुणीतरी ओरडलं.

"हात लावू नका," सरूबाई पहिल्यांदाच बोलली. "लावाल तर तुमालाबी खाज सुटंल. जाऊ द्या. आन जाशील तिथं सांग बुवा, तुझा मुनी पणदऱ्यात ऱ्हायला."

बुवा कालव्याच्या काठानं जे पळाले, ते हरणाचं कातडं न्यायलासुद्धा परतले नाहीत.

गर्दी मात्र हलेना. ठमाबाई घोंगडीतून डोकं काढून म्हणाली, "पर बुवा घटस्थापनंला आला. राघू त्याच्या आदीपासनं उपटतोय, आषाढापासनं! तवा कुठं हुती तुझी खाजकुइरी? त्येचं काय?"

प्रश्न रास्त होता. लोकांनी सारजाकडं बघितलं. सारजानं सरूबाईकडं बघितलं.

"आक्का, बना गेल्यावर राघू कुठं ठिवला हुता?"

सरूबाई पदराचं टोक पिळू लागली.

"सांग की."

"कांद्याच्या खोलीत," सरूबाई खालच्या मानेनं म्हणाली. "अंधारात."

"का गं?"

"त्यो दिसभर 'बने, ए बने' करून हाका मारायचा. मला ऐकवना झालं. वाटलं, डोळ्याआड असंल तर गप बसंल."

"आन गप बसला."

"व्हय. गप बसला, आन उपटाय लागला. ते बघून घटस्थापनंला उनात भाईर काढला, आन तवाच बुवा दारात आला."

सारजा पिंजऱ्यापाशी गेली. "कळपातलं मेंढरू एकलं खुट्याला बांधलं आन मानूस त्याच्याकडं फिरकलंच न्हाय, तर ते सवताची लोकर उपटून खातंय. रोग नसतो, भूत नसतं. करमत न्हाय त्याला. मुकं जनावर, रडणार कसं? ह्यो तर बोलणारा. सारा दिस पोरीसंगं बोलायचा, आन तुमी त्याला अंधारात कांद्यासंगं कोंडला. वर मिरच्यांचा धूर, वर खाजकुइरी. मी असते तर डोस्क्याचीबी उपटली असती!"

कुणी हसलं नाही. सरूबाईनं पदर तोंडात धरला. इतके दिवस ती जावयाच्या जिवासाठी पिसं मोजत होती, आणि खरी पीडा तिच्याच घरात, तिच्याच कडीकोयंड्यात होती. तिनं पिंजरा उतरवला, ओल्या फडक्यानं राघूचं अंग पुसलं, पडवीत उजेडात टांगला आणि रामहरीला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता नीघ. सकाळची मोटार धर. व्याह्यांच्या पाया पड, माझ्या वतीनं पड. सगळं खरं सांग, शेणासकट सांग."

वसुबारसेच्या दुपारी इंदापूरची सर्व्हिस मोटार धुरळा उडवीत रस्त्याला थांबली. जावई उतरला. मागून बना उतरली. सरूबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढं धावली, तर लेकीनं मान फिरवली. पाया पडली, पण आईशी शब्द नाही. जावई हसून म्हणाला, "सासूबाई, मी धडधाकट हाय, बघा." बना तशीच पुढं चालू लागली. सहा महिन्यांत आईनं एकदाही बोलावलं नाही आणि सणाला येऊ नको म्हणाली, ते शल्य काय खाजकुइरीच्या गोष्टीनं जाणार होतं?

ती पडवीत आली. पिंजऱ्यातल्या त्या उघड्या, कुडकुडणाऱ्या जिवाकडं बघून तिला हुंदका फुटला. राघूनं मान तिरकी केली. पंखांच्या काड्या फडफडवल्या.

"बने! ए बने!"

"काय रं राघू," बना म्हणाली.

मग राघू पुन्हा बोलला. पण आवाज त्याचा नव्हता, बनाचाही नव्हता. "कवा येशील गं माझे बाय," तो म्हणाला. "घर खायला उठतंय गं." आणि मग नाक ओढल्याचा आवाज काढला. एकदा, दोनदा.

बनानं वळून आईकडं बघितलं. हा आवाज ती हजारात ओळखली असती.

"हे कुठं शिकला ह्यो?"

सरूबाईला लपायला जागा उरली नाही. "कांद्याच्या खोलीत," ती म्हणाली. "तुझ्या बापासमोर कसं रडू? दार लावून तितं जाऊन बसायची घटकाभर. कुनी इचारलं तर म्हणायची, कांद्यानं डोळं झोंबलं."

बना आईच्या गळ्यात पडली. कुंडलिकाला अचानक बैलांना पाणी दाखवायची आठवण झाली आणि तो गडबडीनं गोठ्याकडं गेला.

पाडव्याच्या आत राघूच्या छातीवर कोंब टरारले. भाऊबीज झाल्यावर लेकीबरोबर राघूही इंदापूरला गेला, आणि संक्रांतीला आला तो शेपटासकट हिरवागार, व्याह्यांना नावानं हाका मारणारा. अंगारा नाही, मंत्र नाही. उजेड, आंघोळ, पेरू आणि बोलायला माणूस.

संक्रांतीच्या वाणाला ठमाबाई आली. ताप होताच. राघूकडं बघून हळूच म्हणाली, "सरू, एखादं पीस गळलं असंल तर दे की. नवीन पिसात जोर असंल."

सरूबाईनं कोनाड्यातली कोयनेलची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली.

"ताप आला तर ही घे. कडू लागती, लागू दे. पाखरानं पीस उपटलं तर पाखराला काय हुतंय ते बघ, सवताला काय मिळंल ते बघू नगं. आन उद्या कुनी झोळीवाला दारात यून म्हणला की तुझ्या लेकीला उंबऱ्याच्या आत घिऊ नगं, तर रडत बसू नगं माझ्यावाणी. त्याला म्हणावं, बाबा, पयलं तुझ्या झोळीत तुझं सवताचं बोट घाल."